एनके ॲसेची पहिली प्लेट लावण्याआधी

एनके ॲसे म्हणजे उंदराच्या मारक (एनके) पेशी कर्करोगाच्या किती पेशी मारतात, हे छोट्या खळग्यांच्या प्लेटवर मोजायची चाचणी. माझ्या पहिल्या प्लेटचं उत्तर उणे सहा टक्के आलं होतं. कागदावर त्याचा अर्थ असा की, उंदराच्या मारक पेशींनी कर्करोगाच्या पेशी मारल्या नाहीतच, उलट त्यांना जगवलं. तसं अर्थातच घडलेलं नव्हतं. माझ्या कर्करोग पेशी दोन दिवस आधीपासून फ्लास्कमध्येच मरत होत्या आणि उंदीर पाच महिन्यांचा होता. या दोन गोष्टींनी सगळं बिघडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की, सांगायला हवं हेच त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बीएस्सी, एमएस्सी आणि त्यानंतर लॅब. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आणि सीमेपलीकडच्या चंदगडकडून दरवर्षी नवी मुलंमुली प्रोजेक्टला येतात. प्रोटोकॉल इंग्रजीत, ॲनिमल हाऊसमधलं बोलणं कन्नडमध्ये आणि डोक्यातला विचार मराठीत, अशी सगळ्यांचीच अवस्था. या तीन भाषांच्या मध्ये बरंच काही सांडून जातं. ते सांडू नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. एनके पेशींची क्रियाशीलता ही उंदराच्या केसांच्या रंगासारखी कायमची नसते. वय, वाण, प्रवास, भीती, संसर्ग, औषधाची सुई, सगळ्यांनी ती वरखाली होते. प्लेटवरचे चार तास हा कामाचा शेवटचा भाग. तुमचा आकडा बऱ्याच अंशी उंदरांच्या खोलीतच ठरलेला असतो.

१. एनके पेशी काय करतात ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर, मराठीत. जे मराठीत सांगता येत नाही ते मला तरी नीट कळलेलं नसतं.

१९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, ईवा क्लाइन आणि हान्स विगझेल यांना दिसलं की, ज्या उंदरांना कर्करोग पेशींची आधी कधीच ओळख करून दिलेली नाही, त्यांच्या प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) काही पेशीसुद्धा रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मारतात. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटालाही हेच दिसलं. त्याआधी असे आकडे यायचेच, पण ते प्रयोगातली खोट म्हणून बाजूला टाकले जायचे. पूर्वओळख नसताना, उपजतच मारतात म्हणून नाव पडलं नैसर्गिक मारक पेशी, नॅचरल किलर, लॅबमध्ये नुसतं एनके.

या पेशी कुणाला मारायचं हे ठरवतात कसं? आपल्या भागात कोगनोळी नाका सगळ्यांना माहीत आहे. कोरोनाच्या काळात तिथून कर्नाटकात शिरताना आरटीपीसीआरचा कागद दाखवावा लागायचा. कागद असला की गाडी पुढे. शरीरातली निरोगी पेशी असाच एक कागद अंगावर बाळगते, त्याला एमएचसी वर्ग १ म्हणतात. उंदराच्या एनके पेशीवर लाय-४९ नावाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खुणा ओळखणारी प्रथिनं) असतात. त्यांना ओळखीचा कागद दिसला की ते एनकेला थांबवतात. टी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारक पेशी, मात्र हाच कागद वाचून आतली गडबड ओळखतात, म्हणून पुष्कळ कर्करोग पेशी तो लपवतात. टी पेशींपासून वाचायला कागद लपवला आणि नेमक्या त्यामुळेच एनकेच्या तावडीत सापडल्या, असा हा पेच आहे. क्लास केरे यांनी तो मांडला आणि १९८६ साली उंदरांच्या दोन जुळ्या पेशीवाणांवर (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांवर) दाखवूनही दिला. आरएमए या वाणावर कागद आहे, आरएमए-एस वर जवळपास नाही. उंदराने दुसरा वाण हाकलला, पहिला वाढला.

कागद नसणं एवढंच पुरत नाही, हेही लिहा. चिथावणारी खूणही लागते. ताणाखालच्या पेशीवर रे-१ सारखी प्रथिनं उगवतात आणि एनकेवरचा एनकेजी२डी हा ग्राहक त्यांना पकडतो. थांबवणारे आणि चिथावणारे इशारे यांच्या बेरीज-वजाबाकीतून निर्णय होतो. मग एनके पेशी लक्ष्याला चिकटते, भोक पाडणारं परफोरिन सोडते, त्या वाटेने ग्रँझाइम हे विकर आत शिरतं आणि लक्ष्य पेशी स्वतःचा शेवट सुरू करते. टी पेशींना तयारीला दिवस लागतात, एनकेचं काम काही तासांत दिसतं. म्हणून आपला ॲसे चार तासांचा.

२. परवानगी: तारीख पाहून मागे मोजत या

प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या, म्हणजे आयएईसीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. याच्या मागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. वर केंद्राची समिती आहे. जुन्या कागदांवर तिचं नाव सीपीसीएसईए दिसेल, आता सीसीएसईए म्हणतात. समिती तीच, गोंधळू नका.

अर्जाला फॉर्म बी म्हणतात. समितीच्या बैठका वर्षात मोजक्याच होतात. एक चुकली की तुमचं अर्धं सत्र गेलं, म्हणून लॅबमध्ये आल्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या बैठकीची तारीख विचारा.

फॉर्ममध्ये बहुतेकांचं अडतं ते उंदरांच्या संख्येवर. "प्रत्येक गटात सहा" असं मागच्या वर्षीच्या अर्जातून उतरवून काढू नका. सहाच का, चार का नाहीत, हे विचारतात आणि विचारायलाच हवं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, आणि त्रास कमी करता येईल का. प्रत्येकीसमोर तुमचं खरं उत्तर लिहा. माझा पहिला अर्ज परत आला होता. समितीतल्या एका बाई शास्त्रज्ञ नव्हत्या, समाजाच्या बाजूने नेमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "गाठ वाढून उंदराला त्रास व्हायला लागला तर तुम्ही कधी थांबणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ते पहिल्या पानावर असतं: वजन २० टक्क्यांनी घटलं, खाणंपिणं थांबलं, अंगावरचे केस उभे राहून उंदीर कोपऱ्यात कुबड काढून बसला, की त्याचा प्रयोग तिथेच संपला.

फाइलमध्ये हे कागद एकत्र ठेवा:

- आयएईसीच्या मंजुरीचं पत्र, क्रमांकासह
- प्राणी हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला
- उंदीर नोंदणीकृत पैदासकेंद्रातून घेतल्याची पावती, सोबत वाण, जन्मतारीख आणि आरोग्य अहवाल
- फॉर्म डी, म्हणजे किती उंदीर आले, किती वापरले, त्याची नोंद
- पेशीवाण कुठून आणि कितव्या पिढीचा आला त्याचा कागद
- तुमच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख

शेवटचा कागद कुणी मागत नाही, पण उंदीर चावतो.

३. उंदीर निवडणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

वय: जन्मानंतर पहिले तीन आठवडे उंदरात एनकेची क्रियाशीलता जवळपास नसतेच. मग ती चढते, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. तेव्हा सहा ते आठ आठवड्यांचेच घ्या आणि सगळ्या गटांत वय सारखं ठेवा. "वजन २५ ग्रॅम आहे, चालेल" असं कुणी म्हणालं तरी जन्मतारीख विचारा.

वाण: सीबीए आणि सी३एच यांच्यात क्रियाशीलता जास्त, सी५७ ब्लॅक ६ मध्ये मध्यम, ए-जे आणि एसजेएल मध्ये कमी. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत स्विस अल्बिनो सहज मिळतात म्हणून तेच वापरतात. पण ते अंतर्प्रजनित नाहीत, म्हणजे जनुकांनी एकसारखे नसतात. एकाच पिंजऱ्यातल्या दोन स्विस उंदरांचे एनके आकडे इतके वेगळे येतात की औषधाचा खरा परिणाम त्या फरकात बुडून जातो. शक्य असेल तर ब्लॅक ६ किंवा बाल्ब-सी मागा.

नग्न, म्हणजे केस नसलेल्या वाणाच्या, उंदराबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. त्याला थायमस (टी पेशी घडवणारी ग्रंथी) नसते, टी पेशी नसतात, म्हणून त्याची प्रतिकारशक्ती शून्य असं मुलं धरून चालतात. एनकेच्या बाबतीत उलट आहे, नग्न उंदरात एनके भरपूर. १९७४ साली ओसियास स्टुटमन यांनी नग्न उंदरांना कर्करोग घडवणारं रसायन दिलं, तेव्हा त्यांच्यात सामान्य उंदरांपेक्षा जास्त गाठी आल्या नाहीत. एनके कमकुवत असलेला उंदीर हवा असेल तर बेज नावाच्या वाणाचा उंदीर पाहा. एनके जवळजवळ नकोतच असतील तर एनएसजी हा वाण.

एनके ओळखायची अँटिबॉडी मागवण्याआधी वाण पुन्हा एकदा तपासा. एनके १.१ ही खूण ब्लॅक ६ वर असते, बाल्ब-सी वर नसते. मी बाल्ब-सीच्या पेशींवर एनके १.१ ची अँटिबॉडी लावली आणि यंत्रावर एकही एनके दिसेना. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत होते. बाल्ब-सी साठी डीएक्स५ किंवा एनकेपी४६ वापरा. महागडी बाटली वाया जाईपर्यंत हे शिकायची गरज नाही.

उंदीर बेंगळुरूहून येवोत की पुण्याहून, रात्रभराचा प्रवास होतोच. आल्यावर किमान सात दिवस त्यांना हात न लावता राहू द्या. पावसाळ्यात जास्तच द्या. ॲनिमल हाऊसची आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत असावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. जुलैत बेळगावला भिंतीही घाम गाळतात, तिथे ७० च्या खाली ठेवणं हे रोजचं काम होतं. आर्द्रतेचा आकडा रोज सकाळी वहीत उतरवा. पुढे एखाद्या महिन्याचे आकडे विचित्र आले तर हीच वही उपयोगी पडते.

४. उंदराला धरायला शिका, मगच पुढे जा

आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये एक वयस्कर अण्णा होते. पहिल्या दिवशी मी उंदराला शेपटीने उचललं. ते काही रागावले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून नुसतं म्हणाले, "मेल्लगे, ताई, मेल्लगे." म्हणजे हळू. मग त्यांनी ओंजळ करून उंदीर तिच्यात चालत येऊ दिला. अर्ध्या मिनिटात तो त्यांच्या मनगटावर बसून मिशा साफ करायला लागला.

अण्णांना जे हाताला कळलं होतं ते २०१० साली लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी मोजून दाखवलं. शेपटीने उचललेले उंदीर घाबरलेले राहतात, ओंजळीने किंवा नळीतून उचललेले बरेच निवांत. आणि घाबरण्याचा एनकेशी थेट संबंध आहे. ताणामुळे रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, आणि ताणाखालच्या उंदरांत व रॅटमध्ये (मोठ्या उंदरांत) एनकेची मारकशक्ती घटलेली वारंवार दिसली आहे. विचार करा, औषधाच्या गटाला रोज तोंडातून बोथट सुईने डोस पाजतात आणि नियंत्रण गट आठ दिवस पिंजऱ्यात शांत बसतो. मग शेवटी दिसणारा फरक औषधाचा की हाताळणीचा? नियंत्रण गटालाही तेवढ्याच वेळा उचला, तेवढंच द्रावण द्या, औषध सोडून.

प्रयोगाच्या दिवशी उंदरांना इतरांसमोर संपवू नका. वेगळी खोली, शिकलेला हात, आणि रोज साधारण तीच वेळ. मी सकाळी नऊ ते अकरा ठेवते. पहिल्यांदा हे करताना मला घरी गेल्यावर जेवण गेलं नव्हतं. तुमचंही तसं झालं तर कुणाशी तरी बोला, ते लपवण्यासारखं नाही.

५. लक्ष्य पेशी: याक-१

उंदराच्या एनकेसाठी याक-१ हा पेशीवाण वापरतात. ए-एसएन वाणाच्या उंदरात मोलोनी विषाणूने झालेल्या लिम्फोमापासून तो आला. त्यावर एमएचसी वर्ग १ कमी, म्हणून एनके त्याला पटकन मारतात. माणसाच्या एनकेसाठी के-५६२ असतो. दोन्ही द्रावणात तरंगत वाढतात, दिसायला सारखेच, फ्लास्कवर नाव नसेल तर अदलाबदल होते.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीकोशातून रीतसर मागवा. शेजारच्या लॅबमधून "थोड्या द्या" म्हणून आणलेल्या पेशींबरोबर मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम (पेशी वाढवायचं द्रावण) गढूळ करत नाही आणि सगळे आकडे हळूहळू बिघडवतो. आमच्याकडे त्याने तीन महिने खाल्ले. दर महिन्याला तपासणी करा.

वाढत्या पेशींचा फ्लास्क प्रवासात न्यायचा झाला तर माध्यम तोंडापर्यंत भरा, हवा राहू देऊ नका, झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळा आणि उन्हापासून जपा. अर्धवट भरलेल्या फ्लास्कमध्ये डचमळून पेशी मरतात.

आल्या आल्या वाढवून निदान दहा नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. सतत वाढवत ठेवलेल्या याक-१ ची एनकेला बळी पडण्याची क्षमता बदलत जाते. मी दोन महिन्यांनी जुना फ्लास्क टाकून नवी नळी उघडते.

ॲसेच्या आदल्या दिवशी पेशी पातळ करून ताजं माध्यम द्या, मिलिलिटरला दोन ते तीन लाख. दुसऱ्या दिवशी त्या भर वाढीत असतात. ट्रिपॅन ब्ल्यूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजल्यावर शंभरातल्या ९५ जिवंत हव्यात. ९० च्या खाली असतील तर त्या दिवशी ॲसे करू नका आणि उंदीरही मारू नका. म्हणून पेशी आधी मोजायच्या, उंदराकडे नंतर वळायचं.

६. आकडा कशाने मोजायचा

जुनी पद्धत क्रोमियम-५१ या किरणोत्सारी पदार्थाची. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेली, अजूनही कसोटी म्हणून तिचं नाव घेतात. पण किरणोत्सारी पदार्थाचा वेगळा परवाना लागतो, अर्धायुष्य २७.७ दिवस असल्यामुळे माल ठेवून भागत नाही, आणि कचऱ्याची विल्हेवाट हे स्वतंत्र प्रकरण. नव्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

एलडीएच हे पेशी फुटली की बाहेर गळणारं विकर. ते मोजायचं किट स्वस्त आणि ४९० नॅनोमीटर वाचणारं प्लेट रीडर बहुतेक ठिकाणी असतं. खोच एवढीच की एलडीएच प्लीहेच्या पेशींतूनही गळतं आणि सिरममध्येही असतं. म्हणून नुसत्या प्लीहा पेशींच्या आणि नुसत्या माध्यमाच्या विहिरी (प्लेटमधले खळगे) लावाव्याच लागतात. त्या विसरलात तर १०० ला १ च्या प्रमाणात, म्हणजे प्लीहेच्या शंभर पेशींना एक लक्ष्य पेशी असताना, मारक पेशींचंच एलडीएच मोजून तुम्ही खूश व्हाल.

फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग वाचणाऱ्या यंत्रावर) वेळ मिळत असेल तर तीच पद्धत घ्या. याक-१ ला सीएफएसई हा हिरवा रंग द्यायचा आणि शेवटी पीआय हा मेलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग टाकायचा. हिरव्यांतले जे लाल झाले ते मेलेले लक्ष्य. कोण मेलं याबद्दल शंका राहत नाही. पुढच्या पायऱ्या मी याच पद्धतीने सांगते.

टेबलावर हे हवं: १० टक्के सिरम घातलेलं आरपीएमआय-१६४० माध्यम, ७० मायक्रॉनची गाळणी, सिरिंजचा दट्ट्या, तांबड्या पेशी फोडणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण, न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच), ट्रिपॅन ब्ल्यू, यू आकाराच्या तळाची ९६ विहिरींची प्लेट, सीएफएसई, पीआय आणि बर्फ. भरपूर बर्फ.

७. प्लेटचा दिवस

सकाळी आधी वीज आणि इन्क्युबेटर पाहा: ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. उन्हाळ्यात वीज जाते. यूपीएस आहे का आणि तो चार तास ओढतो का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

प्लीहा काढून थेट थंड माध्यमात. गाळणीवर ठेवून दट्ट्याने हलके गोल फिरवत दाबा, रगडू नका. गाळलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवा, तांबड्या पेशी फोडणारं द्रावण एक ते दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. लगेच भरपूर माध्यम ओतून थांबवा आणि दोनदा धुवा. फोन वाजला म्हणून माझी एकदा पाच मिनिटं झाली, त्या दिवशीच्या एनके गेल्या त्या गेल्याच.

मोजणी: चेंबरच्या चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांची सरासरी, गुणिले पातळ केल्याचं प्रमाण, गुणिले दहा हजार. सरासरी ५० आली आणि २० पट पातळ केलं असेल तर मिलिलिटरला १ कोटी. आपल्याला नेमक्या १ कोटीच हव्यात, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये १० लाख मावतात. याक-१ मिलिलिटरला १ लाख, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये १० हजार. झालं १०० ला १. मग प्लीहा पेशी निम्म्या निम्म्या पातळ करत ५० ला १, २५ ला १, १२.५ ला १. प्रत्येकाच्या तीन विहिरी.

१०० ला १ ऐकून दचकू नका. प्लीहेतल्या शंभर पेशींत एनके दोन ते पाचच असतात, त्यामुळे खरं प्रमाण दोन-पाचाला एक असंच आहे. यातूनच आणखी एक सापळा तयार होतो: औषधाने मारकशक्ती वाढली की प्लीहेतल्या एनकेची संख्याच वाढली? थोड्या पेशी बाजूला ठेवून शंभरात एनके किती ते त्याच दिवशी मोजा. हे न करता लिहिलेले निष्कर्ष अर्धवट राहतात.

सीएफएसई अर्धा ते एक मायक्रोमोलर, ३७ अंशांवर दहा मिनिटं, मग पाचपट थंड सिरमयुक्त माध्यम घालून थांबवा. रंग जास्त झाला तर तोच पेशी मारतो. प्लेट भरून झाली की सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू, १०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट) च्याही खाली, दोन-तीन मिनिटं फिरवा. पेशी एकमेकींजवळ आल्याशिवाय मारणार कशा? मग इन्क्युबेटरमध्ये चार तास. पीआय यंत्रावर नेण्याच्या ऐन वेळी टाका.

नुसत्या याक-१ च्या विहिरी विसरू नका. आपोआप किती मरतात ते त्या सांगतात. माझी मर्यादा १० टक्के. १५ च्या वर गेलं तर मी ती प्लेट धरत नाही, बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत.

आणि प्रत्येक प्रयोगात एक उंदीर असा ठेवा ज्याला २४ तास आधी पोटात १०० मायक्रोग्रॅम पॉली आयसी (विषाणूची नक्कल करणारं कृत्रिम आरएनए) दिलं आहे. ते इंटरफेरॉनच्या वाटेने एनके चेतवतं. त्याचा आकडा वर गेला नाही तर दोष तुमच्या औषधात नाही, ॲसेमध्ये आहे.

८. गणित

मिश्र विहिरीतले मेलेले टक्के वजा आपोआप मेलेले टक्के, भागिले शंभर वजा आपोआप मेलेले, गुणिले शंभर. मिश्र विहिरीत ३१, आपोआप ८: २३ भागिले ९२, म्हणजे २५ टक्के.

चारही प्रमाणांचा आलेख काढा. मारक पेशी निम्म्या केल्या की आकडा उतरायला हवा. रेषा सपाट आली तर तुम्ही एनके मोजत नसून दुसरंच काहीतरी मोजता आहात.

एका उंदराच्या तीन विहिरी म्हणजे तीन उंदीर नव्हेत. सहा उंदीर, तीन-तीन विहिरी, मिळून अठरा नमुने, असं लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत. तीन विहिरींची सरासरी काढा, नमुने सहाच. विहिरींवर गटाचं नाव न लिहिता सांकेतिक आकडे लिहा आणि ते दुसऱ्याकडून लिहवून घ्या.

९. खऱ्या उंदरात, खरी गाठ

प्लेटवर मारलं म्हणजे शरीरात मारलं असं नाही. त्यासाठी बी१६-एफ१० हा काळ्या गाठी करणारा मेलॅनोमा वापरतात, तो ब्लॅक ६ वाणाचाच आहे. साधारण दोन लाख पेशी ०.२ मिलिलिटरमधून शेपटीच्या शिरेत देतात. दोन ते तीन आठवड्यांनी फुप्फुसावर काळे ठिपके दिसतात, ते मोजायचे. पहिल्या दिवसातच एनके यातल्या पुष्कळ पेशींचा निकाल लावतात. आधीच एनके काढून टाकल्या तर ठिपके कितीतरी पटीने वाढतात, म्हणून हा प्रयोग एनकेसाठी बोलका आहे.

एनके काढायला ब्लॅक ६ मध्ये पीके१३६ ही एनके १.१ विरुद्धची अँटिबॉडी, बाल्ब-सी मध्ये असियालो-जीएम१ विरुद्धचं सिरम. दुसरं थोडं रांगडं आहे, चेतलेल्या काही टी पेशींनाही लागतं. तुमच्या औषधाने ठिपके कमी झाले आणि एनके काढल्यावरही तेवढेच कमी राहिले, तर ते काम एनकेचं नव्हतं. हा गट नसलेल्या प्रयोगातून "एनकेमुळे" असं लिहू नका.

बी१६ पेशींचे गोळे राहिले तर सुई देताक्षणी उंदीर दगावतो. गाळून घ्या, दर दोन-तीन उंदरांनंतर नळी हलवा. शेपूट कोमट पाण्याने शेकून घ्या, शीर फुगते. आधी महिनाभर नुसत्या सलाइनवर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली सराव करा.

१०. झाडपाल्याचे अर्क

आपल्या भागात हा विषय टळत नाही. एका बाजूला खानापूरचं जंगल, दुसऱ्या बाजूला बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था, त्यामुळे दर तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये कुठल्या तरी पानाचा अर्क असतो. मला हे काम महत्त्वाचं वाटतं, म्हणूनच सर्वांत मोठा सापळा सांगते.

पानावर, मातीत, पाण्यात जिवाणू असतात. त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन अर्कात उतरतं आणि ते उकळूनही सहजी जात नाही. एंडोटॉक्सिनचा अगदी थोडा अंश मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना डिवचतो, त्या आयएल-१२ हे इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि एनके चेततात. म्हणजे अर्कात औषधी काहीही नसलं तरी तुमचा आकडा वर जातो. अर्काची एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करा, एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घातलेला एक गट ठेवा, विरघळवायला डीएमएसओ वापरलं असेल तर नुसत्या डीएमएसओचाही. माझ्या दोन अर्कांपैकी एकाचा सगळा परिणाम पॉलिमिक्सिनने पुसला गेला. एका वर्षाचं काम होतं ते. पण तेव्हा कळलं हे बरं झालं.

उरलेल्या अर्काचा आकडा खरा निघाला. गावी ती बातमी माझ्या आधी पोचली होती. माझी आत्या निपाणीला विड्या वळायची, तिच्या शेजारच्या घरातले एक काका तोंडाच्या कर्करोगाने आजारी आहेत. त्यांचा मुलगा त्याच पानांचा काढा बाटलीत भरून माझ्याकडे आला आणि किती चमचे द्यायचे ते विचारू लागला. तुमच्याकडेही कुणी ना कुणी येईल. त्याला नीट बसवा, पाणी द्या. सहा आठवड्यांच्या उंदराच्या प्लीहेतून काढलेल्या पेशींनी प्लेटवर चार तासांत काय केलं, एवढंच तुम्हाला माहीत आहे, हे सरळ सांगा. मग विचारा, तपासणी कुठे झाली, पुढची तारीख कधीची आहे, केमो चालू आहे का, आणि या काढ्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना सांगितलं आहे का. त्या मुलाने सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासमोरच दवाखान्यात फोन लावून दिला आणि पुढच्या तारखेला बाटली सोबत न्यायला सांगितली.